कोल्ह्याचं पुढं काय झालं

वैष्णवी हापशाच्या ओट्यावर चढली, मोबाईल डोक्याच्या वर धरला आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. उंबरवाडीत रेंज मिळते ती याच एका जागी, आणि तीही अशी वर हात करून देवाकडे काही मागितल्यासारखं उभं राहिल्यावर. पाणी भरायला आलेल्या जनाबाईनं आपला हंडा निमूटपणे बाजूला सरकवला. शाळेच्या बाईंचा हा रोजचा कार्यक्रम होता. तो आटोपेपर्यंत हापसा बंद ठेवायचा, असं कुणीही न सांगता वाडीनं मान्य करून टाकलं होतं.

शनिवारची सकाळची शाळा होती. आत पोरांनी गोंगाट मांडला होता, कारण त्यांना कोल्ह्याचं पुढं काय झालं ते हवं होतं. गुरुवारी भगीरथ सरांनी मोबाईलवर पाठवलेली गोष्ट ऐन मोक्याला तोडली होती. मधाच्या पोळ्यासाठी कोल्हा विहिरीवर वाकलेल्या करंजाच्या फांदीवर चढला, फांदी कर्रर्र वाजली, आणि सर म्हणाले, "बाकीचं शनिवारी." दोन दिवस पोरांनी वैष्णवीचं डोकं खाल्लं होतं.

मोबाईल थरथरला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तिनं हात खाली घेतला. 'वाडीवरच्या शाळा' हा शिक्षकांचा गट. त्यात एकाखाली एक संदेश उतरत होते आणि प्रत्येक संदेश एकच होता. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात, फुलं, पुन्हा जोडलेले हात.

गटात दीड-दोनशे माणसं. महिन्यातून एकदा तरी कुणाचे वडील, कुणाची सासू जायची. वैष्णवीचा अंगठा सवयीनं 'भा'वर गेलासुद्धा. कोण गेलं ते नंतर बघू, आधी आपले चार शब्द वाहून मोकळं व्हावं, अशी ती सवय. मग तिला वाटलं, निदान नाव तरी बघावं, म्हणून ती वर वर सरकत गेली.

सगळ्यात वर एक फोटो होता. रेंज जेमतेम असल्यानं तो तुकड्यातुकड्यानं उघडला. आधी शेणानं सारवलेली भिंत दिसली, मग झेंडूचा जाडजूड हार, कपाळभर कुंकू, आणि मिटलेले डोळे. मान खुर्चीच्या पाठीवर किंचित कलली होती. खाली एक अक्षर नाही. फोटो आला होता तो भगीरथ सरांच्याच नंबरवरून. माणूस गेला की घरचे त्याच्याच फोनवरून कळवतात, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

वैष्णवी ओट्यावरच बसली. ओटा ओला होता, साडी भिजली, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

"काय झालं गो बाई?" जनाबाई पुढे आली. "कोन गेलं का?"

वैष्णवीनं होकारार्थी मान हलवली.

"घरचं?"

याला हो म्हणावं की नाही, हे तिला ठरवता येईना. ज्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, ज्याच्याशी ती फोनवरसुद्धा थेट बोलली नव्हती, तो तिचा कोण?  जनाबाईनं ओंजळभर पाणी काढून तिच्या पुढ्यात धरलं.

*

वैष्णवी मुरबाडची. दोन वर्षांपूर्वी म्हसा गावापलीकडच्या या वाडीवर तिची नेमणूक झाली तेव्हा शाळेत दुसरे शिक्षक नव्हते, आणि येतील असंही कुणी म्हणत नव्हतं. एक खोली, चार इयत्ता आणि ती. पहिल्या महिन्यातच तिनं फेसबुकवर चिडून लिहिलं होतं, की चार वर्गांना एकटीनं एकाच वेळी काय शिकवायचं हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. खाली कुणीतरी लिहिलं, "आम्हालाही नाही. इकडे या." अशी ती गटात आली.

गट म्हटला की तिथं सगळ्या तऱ्हा असतात. जगन सर होते, जे कुठल्याही गोष्टीला लाल गुलाबाचं चित्र पाठवत. वाढदिवस असो की नवीन परिपत्रक, गुलाब ठरलेला. वाडा तालुक्यातल्या माधुरी बाई चिंचोक्यांवर गणित शिकवत आणि त्याचे फोटो टाकत. आणि कसाऱ्याच्या वर, कातळपाड्याच्या शाळेत, भगीरथ सर होते. ते लिहीत नसत. त्यांचा फक्त आवाज येई, जाड, सावकाश, मध्येच खाकरणारा.

हौसाबद्दल वैष्णवीनं विचारलं तेव्हा आवाजच आला होता. हौसा म्हणजे वाडीतल्या धाकलूची पोरगी, दुसरीतली. घरी बकऱ्यांवर ओरडायची, भावाशी भांडायची, पण शाळेच्या उंबऱ्यातून आत आली की तोंडाला कुलूप. दीड वर्ष झालं, तिनं वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. हजेरीला बोट वर करायची, तेवढंच. पोरीला नापास करून शहरात तपासायला न्या, असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. भगीरथ सर म्हणाले होते, "बाई, तिला बोल म्हनू नका. तिच्याशेजारी बसा आन दुसऱ्याशी बोला. तिच्या कानाला शाळा आवडू द्या. तोंडाचं मागाहून बघू."

तेव्हापासून ते तिच्या पोरांसाठी गोष्टी पाठवायला लागले. मग इतरांनीही त्या मागितल्या. गोष्ट सांगता सांगता ते मध्येच विचारत, "आता सांगा, कोल्ह्यानं काय केलं असंल?" आणि गप्प बसत. त्या गप्प जागेत उंबरवाडीची पोरं मोबाईलला ओरडून उत्तरं देत. माधुरी बाईंनी एकदा लिहिलं होतं, आमचीही देतात, आणि खरं सांगायचं तर मीही देते. हौसा उत्तर देत नसे, पण महिन्या-महिन्यानं ती दारापासून मोबाईलकडे सरकत आली होती. दर शनिवारी सरांचा आवाज गोष्टीआधी विचारायचा, "हौसाचं काय?" आणि वैष्णवी दर शनिवारी लिहायची, "अजून नाही, सर."

*

ती वर्गात आली तेव्हा पोरं मोबाईलभोवती बसायचं तसं गोल करून बसली होती. मधली जागा मोकळी ठेवली होती.

"गोष्ट आली?" हौसाचा थोरला भाऊ, संदेश, म्हणाला.

खोटं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तोंड उघडल्यावर जे निघालं ते खरंच निघालं.

"गोष्ट नाही येणार. सर गेले."

"कुठं गेलं?"

"वारले, बाळांनो."

फोनमधला माणूस मरू शकतो हे पोरांना माहीत नव्हतं. ती एकमेकांकडे, मग तिच्या हातातल्या मोबाईलकडे बघायला लागली. बाहेर हापसा पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. वैष्णवीनं फळ्याकडे तोंड फिरवलं, कारण डोळे आवरेनात.

"मंग कोल्हा पडला का नाय?"

आवाज ओळखीचा नव्हता. घोगरा, मोठा, रागावलेला. वैष्णवीला वाटलं खिडकीतून कुणी बोललं. ती वळली. सगळी पोरं हौसाकडे बघत होती आणि संदेशचं तोंड उघडंच राहिलं होतं. हौसा मधल्या मोकळ्या जागेत उभी होती, मुठी आवळून.

"सांग ना बाई. पडला का नाय?"

  दीड वर्ष ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा समोर येऊन ठाकला होता, आणि वैष्णवीला काय करावं ते सुचत नव्हतं. नाचावं, रडावं, की पोरीला उचलून घ्यावं? भगीरथ सर असते तर म्हणाले असते, काही करू नका, नुसतं उत्तर द्या.

"मला माहीत नाही गं," ती कशीबशी म्हणाली. "विचारून येते."

हौसानं मान डोलावली आणि खाली बसली.

दुपारी मुरबाडच्या जीपमध्ये बसल्यावर कुठं वैष्णवीला आपण काय बोलून बसलो ते उमगलं. आणि त्याहून वाईट गोष्टही तेव्हाच उमगली. हौसा बोलली हे ज्याला धावत जाऊन सांगायचं, तो एकच माणूस होता आणि तोच आता नव्हता. गटात लिहावं? दोनशे श्रद्धांजल्यांच्या खाली? तिनं गट उघडला. श्रद्धांजल्या संपल्या होत्या. त्यांच्या खाली कुणीतरी एक लिंक टाकली होती, 'सर्वांनी माहिती आजच भरावी', आणि त्याखाली भरली, भरली, भरली अशी रांग लागली होती. वैष्णवीनं मोबाईल पर्समध्ये कोंबला. तिला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला, आणि आपलाही अंगठा 'भा'वर गेला होता हे आठवून स्वतःचाही आला.

रात्रीच्या जेवणाआधीच तिनं आईला सांगून टाकलं, उद्या कसाऱ्याला जाते.

"ओळख ना देख," आई म्हणाली. "कोन म्हनून जाशील?"

"कोणीतरी म्हणून जाईन. त्यांच्या घरी कुणाला तरी कळायला हवं, की ती बोलली."

*

मुरबाडहून शहापूरला एसटीनं, शहापूरहून कसाऱ्याला जीपनं, आणि कसाऱ्याहून दुसऱ्या जीपनं कातळपाड्याच्या फाट्यावर. तिथून चढ. वाटेवर एक पसरट काळा कातळ लागला, मग शाळा. शाळेच्या दाराला कुलूप होतं आणि व्हरांड्यात झेंडूच्या पाकळ्या वाळून पडल्या होत्या.  इथंच ठेवलं असेल त्यांना, असं वैष्णवीच्या मनात आलं.

घर विचारायची गरज पडली नाही. शाळेला लागूनच होतं. अंगणात एक बाई तांदळातले खडे वेचत होती. दारात दिवा नव्हता, माणसांची गर्दी नव्हती. बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. वैष्णवीला ते दिसलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. भगीरथ सरांची बहीण असेल, असं समजून ती पुढे झाली.

"मी मुरबाडहून आले. शिक्षिका आहे. सरांच्या..." पुढचा शब्द तिला सापडला नाही. "सरांच्या गटातली."

"या ना. बसा," बाई उठली. "हैत ना ते. मागं वाल सोलत बसल्यात. अवो! कोन बाई आल्यात बघा."

घराच्या बाजूनं एक माणूस आला. बंडी, गुडघ्यापर्यंतचं धोतर, हातात वालाच्या शेंगा. तेच रुंद कपाळ, तीच मान. फक्त डोळे उघडे होते.

 वैष्णवीनं अंगणातल्या लाकडी मेढीचा आधार घेतला. तो माणूसही जागीच थिजला. तिचा पांढराफटक चेहरा बघून त्याला सगळं कळलं असावं, कारण तो बायकोकडे वळून घाईघाईनं म्हणाला, "पानी आन गो आधी."

बायको आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "म्हंजे तुमालाबी तसंच वाटलं."

तोच जाड, सावकाश आवाज. ऐकला मात्र, आणि वैष्णवीला रडू कोसळलं. काल शाळेत आवरलेलं, जीपमध्ये आवरलेलं, सगळं एकदम आलं. सर शेंगा हातात घेऊन अवघडून उभे राहिले.

"शुक्रवारी मी रिटायर झालो, बाई," ती जरा शांत झाल्यावर ते म्हणाले. "पाड्यावरच्यांनी हार घातला, कुंकू लावलं. साईनाथ म्हनून शेजारचा पोरगा हाय, त्यानं माझ्याच मोबाईलवर फोटो काढला. ऊन सरळ तोंडावर, मी डोळे मिटले. त्यो म्हनाला, गटात टाकतो. फोटो गेला आन खालचं लिवलेलं रेंजमधी अडकलं. काल कातळावर जाऊन बघतो तर माझा कार्यक्रमच उरकलेला."

"मग लिहायचं ना, सर! एक ओळ!"

"लिवली. मी जिवंत आहे. वाचून बघितली, कशीतरीच वाटली. पुसली." ते पायरीवर बसले. "आन खाली बघतो तर लिंक आलेली. भरली, भरली. मी म्हटलं, झालं की. थोडा येळ थांबले माझ्यापायी, तेवढंच. हिला काय सांगितलं नाय मी. उगाच रडंल."

"पण असं किती दिवस..."

"बाई, माझ्या जागी दुसरा कोनी आला नाय. उद्यापासून पोरं खालच्या शाळेत जानार. मागं शाळा नाय, फुड्यात पोरं नाय, आता मी गटात बोलू काय? दोनशे लोकं. इतकी वर्सं रोज बोललो. एक मानूस घरी आला नाय. मंग मेलेला काय वाईट?"

हे त्यांनी हसत म्हटलं, पण शेंग सोलताना बोटं चुकली आणि वाल अंगणात उडाले. वैष्णवीनं ते वेचून त्यांच्या हातावर ठेवले.

"सर, काल शनिवार होता," ती म्हणाली. "सगळ्यांना शाळा होती."

 चाळीस वर्षं घंटेच्या तालावर जगलेल्या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. दोन दिवसांत वार विसरला होता बिचारा.

"आणि मी श्रद्धांजलीला आले नाही," वैष्णवी म्हणाली. "सांगायला आले. हौसा बोलली."

वाल पुन्हा खाली पडले. या वेळी कुणी वेचले नाहीत.

"काय म्हनाली? तिचे शब्द सांगा."

"मंग कोल्हा पडला का नाय."

"हळू?"

"ओरडून, सर. चिडली होती. तुम्ही वारलात असं मी सांगितलं, आणि तिनं हे विचारलं. सगळ्यांसमोर. मधोमध उभी राहून."

सरांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. खांदे हलत होते, ते हसत होते की रडत, हे पंच्याआडून कळेना. बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन थबकली.

"मंग तुमी काय सांगितलं तिला?" पंच्यातूनच प्रश्न आला.

"मला कुठं माहीत होतं? म्हटलं, विचारून येते."

त्यांनी पंचा खाली घेतला. "कोनाला विचारून येनार होतात?"

"ते मलाही माहीत नव्हतं."

त्यांनी तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायले, आणि कोनाड्यातला मोबाईल उचलून चपला शोधायला लागले.

*

कातळावर रेंज चांगली होती. सर फाट्याकडे पाठ करून, दरीकडे तोंड करून उभे राहिले, तोंडाजवळ मोबाईल धरला आणि खाकरले. वैष्णवी चार पावलं मागे थांबली. वर्षभर जो आवाज तिनं हापशावर उभं राहून खाली उतरवला होता, तो आज समोर तयार होताना बघून तिला गंमत वाटत होती.

"तर पोरांनो," सरांनी सुरू केलं. "उशीर झाला. जरा गावाला गेलो होतो. कोल्हा कुठं होता आपला? फांदीवर."

खाली जीप थांबल्याचा आवाज आला. दोन माणसं चढ चढून येत होती. पुढे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ, हातात नारळ आणि केळीच्या पानात बांधलेला हार. मागे धापा टाकणाऱ्या एक बाई. गृहस्थांनी वैष्णवीला बघून हात जोडले.

"ताई, भगीरथ सरांचं घर कुठलं हो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "म्हणजे, वारले ते. मी जगन. शिक्षकांचा गट आहे आमचा, त्यातला. या माधुरी बाई. जीपमध्ये ओळख झाली, दोघंही एकाच घरी निघालेलो. सकाळी लवकरच येणार होतो, पण गुलाबाचा हार कुठं मिळेना."

वैष्णवीनं कातळाकडे बोट दाखवलं.

"फांदी वाजली कर्रर्र," कातळावरून आवाज येत होता. "खाली पाणी काळंशार. कोल्ह्यानं घट्ट डोळं मिटलं. बघनाऱ्याला वाटलं, संपला हा."

माधुरी बाई जागच्या जागी थांबल्या. जगन सरांच्या हातातला नारळ सुटला आणि उतारावरून घरंगळत खाली गेला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते फक्त कातळावरच्या त्या पाठमोऱ्या बंडीकडे बघत होते.

"आता सांगा बरं," सर म्हणाले. "कोल्हा पडला का?"

आणि नेहमीप्रमाणे ते गप्प बसले, पोरांच्या उत्तरासाठी जागा ठेवून. वारा नव्हता. कुठंतरी बकरी ओरडली.

"नाय पडला, सर," मागून माधुरी बाई म्हणाल्या. वर्गात देतात तसं, मोठ्यानं.

सरांची पाठ ताठ झाली. त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि रेकॉर्डिंगच्या बटणावरचा अंगठाही उचलला नाही.